बोका लंगडतोय, पण मी आधी पाय बघणार नाही

गोव्यातल्या पेडण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा दोन वर्षांचा बोका भुरू चवथीच्या आदल्या रात्री फटाक्यांना घाबरून पळाला, तो दीड दिवसाने परत आला. उजवा मागचा पाय उचलून धरलेला, मांडी सुजलेली. आल्यापासून कोठीतल्या खाटेखाली बसून आहे. ओरडत नाही, उलट हात फिरवला की घुरघुरतो. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून मांडीचं हाड मधोमध मोडल्याचं सांगितलं. सळई घालावी लागेल म्हणाले, पण दुखण्याचं इंजेक्शन देऊन ‘दोन दिवसांनी आणा’ म्हणत घरी पाठवलं. सासूबाईंचं म्हणणं, कांडवेल वाटून लावू आणि बांबूच्या कामट्या बांधू. शेजारी सांगतात, अर्धी क्रोसिन द्या. दीर म्हणतात, मांजराचं हाड आपोआप जुळतं, कशाला पैसे घालवता? ताईंना विचारायचं आहे की यात खरं कोण, आणि हाड मोडलेलं असताना दोन दिवस थांबवणं हा हलगर्जीपणा नव्हे का. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: ‘घरात सोनी नावाचं चार महिन्यांचं पिल्लू आहे, तीही हल्ली उड्या मारत नाही, मागून जरा झुलत चालते. भुरूची नक्कल करते की काय.’

त्या शेवटच्या ओळीकडे मी शेवटीच येतो, पण ती मला सगळ्यांत जास्त टोचली आहे, हे आधीच सांगतो.

ताई, डॉक्टरांवर रागावू नका. मोडलेलं हाड दिसतं भयंकर, पण उघडी जखम नसेल तर ते दोन-तीन दिवस थांबू शकतं. जे थांबू शकत नाही ते बाहेरून दिसत नाही. मांजर मोटारीखाली आलं किंवा उंचावरून पडलं तर त्याच धक्क्यात फुप्फुसाला मार बसतो, छातीत हवा किंवा रक्त साठतं, पोट आणि छाती यांच्यामधला पडदा फाटून आतडी वर सरकतात, मूत्राशय फुटतं. अशा मांजराला लगेच भूल दिली तर ते टेबलावरच जातं. म्हणून आधी सलाईन, ऊब, वेदना कमी करणं आणि श्वासावर नजर ठेवणं, आणि मग हाड. माझ्याकडे लंगडणारं मांजर आलं की घरची माणसं पाय पुढे करून दाखवतात आणि मी छातीकडे बघत बसतो, तेव्हा त्यांना वाटतं डॉक्टरांचं लक्ष नाही.

ही सवय मला एका चुकीने लावली. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. म्हापशाकडच्या एका घरातली भाटी, म्हणजे मांजरी, आली होती, नडगी मोडलेली. मी नडगीवर प्लास्टर घातलं, अगदी वहीत काढावं तसं, आणि खुशीत घरी पाठवलं. लघवी झाली का, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं तेव्हा पोट टम्म, अंग गार. मूत्राशय फुटलेलं होतं, ते पहिल्या दिवसापासूनच फुटलेलं असणार. ती वाचली नाही. प्लास्टर मात्र जागचं हललं नव्हतं.

तेव्हा भुरूजवळ बसा आणि पायाला हात न लावता एवढं पाहा. तो शांत असताना बरगड्या एका मिनिटात किती वेळा वर-खाली होतात ते मोजा. निवांत मांजर साधारण वीस ते तीस श्वास घेतं. चाळीसच्या वर आकडा जात असेल, पोट ढवळल्यासारखं हलत असेल, मान पुढे ताणून आणि कोपरं अंगापासून लांब ठेवून बसला असेल, तर दोन दिवस विसरा, आत्ता निघा. तोंड उघडं टाकून धापा टाकणं कुत्र्याला शोभतं. मांजर तसं करायला लागलं तर वेळ फार थोडा उरलेला असतो. मग ओठ अलगद वर करून हिरड्या पाहा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या आणि पंजे गार असतील तर आत कुठेतरी रक्त जातंय किंवा मांजर धक्क्यात (शॉकमध्ये) आहे. आणि लघवी. परत आल्यापासून त्याने केली का? चोवीस तास झाले आणि थेंब नाही, तर हाडाचा विषय बाजूला ठेवून पहिल्यांदा ते दाखवा. थोडी लघवी झाली म्हणून मूत्राशय शाबूत आहे अशी खात्रीही देता येत नाही, म्हणून पोटाची सोनोग्राफी करू म्हटलं तर ‘उगाच बिल वाढवतात’ म्हणू नका.

शेपटीही बघा. चाकाखाली शेपूट सापडून मांजर जिवाच्या आकांताने ओढ घेतं, तेव्हा शेपटीच्या मुळाशी मज्जातंतू ताणले जातात. शेपूट दोरीसारखी लोंबते, आणि त्याच तंतूंच्या शेजारचे तंतू मूत्राशयाला आणि गुदद्वाराला जातात. अशा मांजराचं मूत्राशय भरत राहतं आणि वरून थेंब थेंब सांडतं. घरच्यांना वाटतं, लघवी तर होतेय. प्रत्यक्षात ते हाताने दाबून दिवसातून दोन-तीनदा रिकामं करावं लागतं. ताकद परत यायची असेल तर बहुधा पहिल्या महिनाभरात येते. शेपूट मोडली म्हणून हसू नये ते यासाठी.

तुम्ही लिहिलंत की तो ओरडत नाही, घुरघुरतो, म्हणजे फारसं दुखत नसावं. दुखतंय, ताई. मांजर स्वतः शिकारी असलं तरी कुत्र्याचं, कोल्ह्याचं भक्ष्यही आहे; दुखणं दाखवणारं मांजर रानात टिकलं नसतं. म्हणून ते अंधारात जाऊन बसतं, अंग चाटणं सोडतं, डोळे अर्धे मिटून कान किंचित बाजूला पाडतं. घुरघुर तर मांजर मरणाच्या दारातही करतं. रोज तुमच्या आधी ओट्यावर हजर असणारा बोका बांगडा चिरताना बाहेर आला नाही, हीच त्याची किंकाळी.

त्याची नखंही एकदा बघा. मोटारीने उडवलेलं मांजर डांबरावर पंजे रोवायला बघतं, त्यामुळे नखांची टोकं झिजलेली, चिरलेली, तंतू सुटल्यासारखी दिसतात. अंगावर ग्रीसचा डाग असेल तर विचारायलाच नको. नखं गुळगुळीत असतील तर माडावरून किंवा कौलांवरून पडला असेल, किंवा कुत्र्याने धरला असेल. कुत्र्याच्या चाव्यात बाहेर दोन बारीक भोकं आणि आत स्नायूंचा चिखल असतो. केस बाजूला करून शोधल्याशिवाय ती भोकं सापडत नाहीत. आपल्याकडे अजून एक प्रकार: पावसाळ्यात ऊब शोधत मांजरं गाडीच्या बॉनेटखाली शिरतात. सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय आमच्या घरी सगळ्यांना आहे. आणि दार. जून-जुलैच्या वाऱ्यात आपटलेल्या दारात पिल्लाचा पाय सापडणं मी दर वर्षी बघतो.

भुरूचा एक्स-रे झालेला आहे, त्यामुळे शंका नाही. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: लंगडणारं प्रत्येक मांजर हाड मोडलेलं नसतं. बोक्यांच्या मारामारीनंतर दोन-तीन दिवसांनी पाय सुजतो, गरम लागतो, ताप येतो, बोका जेवत नाही. तो बहुतेक वेळा चाव्यात झालेला पू असतो. गळू फोडलं आणि अँटिबायोटिक दिलं की चार दिवसांत पळतो. हाड मोडलेला पाय एका क्षणात निकामी होतो. मांजर तो टेकत नाही, तो भलत्याच ठिकाणी वाकतो किंवा खालून लोंबतो. आणि एक फार वाईट दुखणं यात लपतं: मांजर अचानक किंचाळतं आणि मागचे दोन्ही पाय ओढायला लागतं. पाय थंडगार, तळवे फिके किंवा निळसर. बाहेर गेलेलंच नसतं, तरी घरचे म्हणतात, पडलं असेल. ती हृदयातून सुटून मागच्या पायांच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी असते. तिथे शेक, मालिश, पट्टी कशातही वेळ घालवू नये.

आता क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल. देऊ नका. अर्धी नको, पाव नको, मुलांचं सिरपही नको. माणसाचं यकृत ज्या मार्गाने पॅरासिटामॉल निष्प्रभ करून लघवीवाटे बाहेर टाकतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतोच. मग त्याचं विष तांबड्या पेशींवर उतरतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या चॉकलेटी-तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. पाचशे मिलीग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. कुणी आधीच दिली असेल तर लपवू नका. डॉक्टरांना गोळीचं नाव आणि वेळ सांगा, कारण अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो जितका लवकर तितका उपयोगी. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही असतात, म्हणजे दुहेरी घात. डायक्लोफेनॅकही तसंच. गिधाडं मरायला लागली म्हणून गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक आपल्या देशात २००६ साली बंद झालं. माणसांचं मात्र प्रत्येक घराच्या फडताळात आहे आणि लोक ते प्रेमाने मांजराला देतात.

कुणी म्हणेल, डॉक्टर स्वतः मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देतातच की. देतो. पण चार किलोच्या बोक्याला रोजची मात्रा साधारण शून्य दशांश दोन मिलीग्रॅम बसते, आणि औषधाच्या दुकानातली माणसांची लहानात लहान गोळी असते साडेसात मिलीग्रॅमची. म्हणजे सदतीसपट. तेही मांजर पाणी पीत असेल, मूत्रपिंडं ठीक असतील तरच. धक्क्यात असलेल्या, दोन दिवस न प्यायलेल्या मांजराला हे औषध मूत्रपिंडं निकामी करू शकतं, म्हणून आम्ही सुरुवातीला ब्युप्रेनॉर्फिनसारखी वेगळी इंजेक्शनं वापरतो. तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम किती तास टिकतो हे फोन करून विचारा, आणि पुढच्यासाठी औषध मागा. दोन दिवस थांबायला हरकत नाही, दोन दिवस दुखत ठेवायला आहे.

सासूबाईंना मी नाही म्हणणार, पण त्यांचा मान राखूनच. गावात हाडवैद्याने बसवलेले हात-पाय आपण सगळ्यांनी पाहिलेत. माणूस मात्र सांगितलं तर स्वस्थ बसतो, आणि लेप चाटत नाही. कांडवेलीचा कच्चा रस किती खाजतो हे ज्यांनी ती सोलली आहे त्यांना माहीत आहे. तो लेप बोका अर्ध्या तासात जिभेवर घेईल. बाम, तेल, डेटॉल, फिनाईल यांचंही तेच, त्यातले कित्येक मांजराला सरळ विषारी आहेत.

कामट्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोडलेलं हाड बांधायचं तर त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे अडकवावे लागतात. नडगी असेल तर वर गुडघा, खाली घोटा, बांधता येतं. पुढच्या पायाचं कोपराखालचं हाड असेल तरी जमतं. मांडीच्या हाडाचा वरचा सांधा म्हणजे खुबा, आणि मांजराच्या खुब्याला पट्टी कशी बांधणार? कामटी जांघेशी येऊन संपते, म्हणजे नेमकी मोडलेल्या जागेजवळ. आता मोडलेल्या टोकाखाली बांबूचं ओझं लोंबतं, मांजर पाय झटकतं, आणि प्रत्येक झटक्याला हाडाची अणकुचीदार टोकं आतल्या स्नायूत आणि शिरांत फिरतात. पट्टी न बांधलेला पाय यापेक्षा कमी हलतो, कारण मांजर तो स्वतःच सांभाळून धरतं. दुसरं, कोवळ्या वयात मांडी मोडलेला पाय सरळ करून बांधून ठेवला तर मांडीचा पुढचा स्नायू हाडाला चिकटतो आणि गुडघा कायमचा ताठ होतो. हाड जुळतं, पण पाय काठीसारखा मागे राहतो आणि फरफटून त्याला जखमा होतात. असे पाय शेवटी कापावे लागले आहेत. दंडाच्या हाडालाही हेच लागू.

गुडघ्याखाली डॉक्टरांनी घातलेली पट्टी असेल त्यांच्यासाठी एक सूचना: मधली दोन बोटं पट्टीबाहेर दिसत राहिली पाहिजेत. सकाळ-संध्याकाळ ती बघायची. बोटं सुजून नखं एकमेकांपासून फाकली, गार पडली, किंवा पट्टीला वास यायला लागला, तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवा. आपल्या पावसाळ्यात पट्टी ओली होणं हा रोजचा त्रास आहे. ओल्या पट्टीखाली कातडी दोन दिवसांत सडते आणि माशी बसली की किडे पडतात. किडे दिसले की आपल्याकडे टर्पेंटाइन ओततात किंवा डांबरगोळीची पूड घालतात. गुरांवर चालून गेलं म्हणून मांजरावर करू नका. ते अंग चाटतं आणि दोन्ही विषं पोटात जातात. मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, दिसतील ते चिमट्याने काढा आणि दवाखाना गाठा.

आता दिरांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, म्हणूनच ते फसवं आहे. आमच्या पेशात जुना विनोद आहे की मांजराच्या हाडाची दोन टोकं एका खोलीत ठेवली तरी जुळतात. मांजराचं हाड खरंच चांगलं जुळतं. कंबरेचं हाड मोडलेली कित्येक मांजरं मी शस्त्रक्रियेशिवाय, चार-सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवून बरी केली आहेत. (त्यांतही पुढे पोकळी अरुंद राहिली तर कायमचा मलावरोध मागे लागतो, आणि भाटी असेल तर बाळंतपणात अडते, म्हणून तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून टाकावं.) पण मांडीच्या मधोमध मोडलेल्या हाडाला स्नायू दोन्हीकडून ओढतात. टोकं एकमेकांवर चढतात, पाय आखूड आणि वाकडा जुळतो. तुमच्या डॉक्टरांनी सळई सांगितली ती यासाठी. मोड तिरकी किंवा तुकड्या-तुकड्यांची असेल तर नुसत्या सळईभोवती हाड गोल फिरतं, तिथे प्लेट किंवा बाहेरून बसवायची चौकट लागते. तेव्हा विचारा की मोड कशी आहे, सळई एकटी पुरेल का, आणि हे काम ते स्वतः करतात की कुणाकडे पाठवतात. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. हाडांची शस्त्रक्रिया हा वेगळा हात आहे, प्रत्येकाला तो असतोच असं नाही, आणि ‘मला जमणार नाही’ म्हणणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयं पणजीजवळ टोंकला आणि मडगावजवळ सोनसड्याला आहेत. जायच्या आधी फोन करून सर्जन आणि एक्स-रे कधी मिळेल ते विचारा, म्हणजे पेडण्याहून दुखऱ्या मांजराला फुकटची फेरी घडणार नाही.

दोन दिवस म्हणजे मात्र दोन-तीन दिवसच. आठ-दहा दिवस गेले की स्नायू आखडतात, टोकांवर नवं हाड चढायला लागतं आणि ती ओढून जागेवर आणताना सर्जनचा घाम निघतो. पिल्लांत तर याहून लवकर. हाड कातडीबाहेर आलं असेल तर हा सगळा हिशेब रद्द: स्वच्छ कापड सलाईनने ओलं करून वर ठेवायचं, हाड आत ढकलायचं नाही, आणि त्याच दिवशी पोचायचं.

पैशांचं अवघडलेपण न ठेवता बोला. शस्त्रक्रिया परवडणार नसेल तर पाय काढणं हा पर्याय आहे, आणि तो शिक्षा नाही. तीन पायांची मांजरं कौलांवर चढतात, उंदीर मारतात, महिन्याभरात घरचे विसरतातसुद्धा. आखूड, ताठ, दुखरा चौथा पाय बाळगण्यापेक्षा ते बरं. खुब्याच्या गोळ्याशीच मोड असेल तर तो गोळा काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही मांजरांना छान मानवते.

त्याला न्यायचं कसं? खाटेखालून मानेला धरून ओढू नका. घरातलं सर्वांत लाडकं मांजरही दुखऱ्या जागी हात लागला की हाडापर्यंत चावतं, आणि चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, आपला घरचाच बोका म्हणून सोडून देऊ नका. टोपली त्याच्यावर पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा हळूहळू सरकवा, आणि पुठ्ठ्यासकट उचला. खोक्यात ठेवताना दुखरा पाय वरच्या बाजूला येईल असं निजवा, वर चादर टाकून अंधार करा. स्कूटरवर एकटीने पायांमध्ये खोका ठेवून जाऊ नका, मागे बसलेल्याने मांडीवर धरावा. भूल द्यायची असण्याची शक्यता आहे, म्हणून निघण्याआधी खायला घालू नका. मात्र घरी थांबायच्या दोन दिवसांत त्याने खायला हवं. मांजर, त्यातून गुबगुबीत मांजर, तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून नवंच संकट उभं राहतं. वासाचा मासा कोमट करून नाकाशी धरा.

शस्त्रक्रियेनंतरचे सहा ते आठ आठवडे कठीण असतात, भुरूपेक्षा तुम्हाला. तिसऱ्या आठवड्यात त्याला वाटेल आपण बरे झालो, आणि तुम्हाला त्याच्या रडण्याची दया येईल. सोडू नका. तीन फूट बाय दोन फुटांचा कुत्र्याचा पिंजरा पुरतो; लहान मुलाचा जाळी लावलेला पाळणा-पलंगही मी चालवून घेतला आहे. खाली गोणपाट आणि वर गोधडी घाला, आपल्या जुन्या घरांतल्या लाल गुळगुळीत कोब्यावर तीन पायांनी उभं राहणं जमत नाही. हगायच्या ट्रेची एक बाजू कापून बुटकी करा, आणि टाके असेपर्यंत रेतीऐवजी कागदाचे तुकडे वापरा. सहा आठवड्यांनी एक्स-रे, आणि त्यात हाड जुळलेलं दिसल्यावरच उड्या.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडंसं. पर्वरी, ताळगावच्या इमारती वाढल्या तशी बाल्कनीतून पडलेली मांजरं माझ्याकडे वाढली. ‘मांजर चार पायांवर पडतं’ हे खरं, पण चौथ्या मजल्यावरून चार पायांवर पडलं तरी छाती आणि हनुवटी जमिनीवर आपटतेच. जबडा मधोमध फाटणं, टाळूला चीर, नाकातून रक्त आणि फुप्फुसाला मार हे त्यात एकत्र येतं. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांतली नव्वद टक्के वाचली. त्यात सातव्या मजल्याच्याही वरून पडलेल्यांना कमी लागलं असं दिसलं आणि ते लोकांच्या फार लक्षात राहिलं. जागीच मेलेली मांजरं दवाखान्यात आणतच नाहीत, हे लक्षात राहिलं नाही. कबुतरांसाठी लावतात ती जाळी लावा.

आता सोनी. चार महिन्यांचं पिल्लू उडी मारत नाही, मागून झुलतं, आणि पडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. ती भुरूची नक्कल करत नाहीये. तिला काय खायला घालता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज करतो: काटे काढलेला बांगडा किंवा तारले, भात, वर कढी. गोव्यातल्या दहांतल्या आठ घरी मला हेच उत्तर मिळतं, आणि काटे काढताना तुम्ही किती माया लावता हेही मी जाणतो. पण माशाच्या किंवा कोंबडीच्या नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला असतं. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळजवळ सारखे लागतात. रक्तातलं कॅल्शियम उतरू नये म्हणून शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढायला लागतं. हाडं एक्स-रेमध्ये काचेसारखी फिकी दिसतात आणि उडी मारताना, कधी तर नुसतं उचलताना, ओल्या फांदीसारखी दुमडतात. मणका दुमडला तर मागचे पाय जातात. अशा हाडात सळई-स्क्रू धरत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो.

उपाय मात्र साधा आहे आणि वेळेत केला तर फार चांगला लागू पडतो: पिल्लांसाठीचं संपूर्ण पोषणाचं तयार खाद्य, लगेच, आणि काही आठवडे उंच जागा बंद. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं स्वतःच्या मनाने सुरू करू नका, जास्तीचंही बाधतं. हळूहळू खाद्य बदलायला तिला आठवडा लागेल, नाक मुरडेल. सुरुवातीला खाद्यावर माशाचं पाणी शिंपडा. तिला काखेत धरून उचलू नका, एक तळहात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली ठेवून सपाट उचला. शी करताना कुंथते का ते पाहा, कंबरेचं हाड दबलं असेल तर तिथेच पहिल्यांदा कळतं. भुरूला परवा न्याल तेव्हा दुसऱ्या खोक्यात हिलाही न्या आणि दोघांचे एक्स-रे शेजारी शेजारी धरून बघायला सांगा. भुरूच्या हाडाचा पांढरा रंग आणि हिच्या हाडाचा राखाडी यांतला फरक सासूबाईंनाही दिसेल.